नेत्रिका मध्यावर बसवताना

महाराष्ट्रात दुर्बिणीचा व्यासंग जुना आहे. 1888 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथील 20 इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. वेधशाळेचे प्रमुख प्रा. कावसजी नेगमवाला यांनी 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध जेऊर येथून घेतले. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. परंतु आवड मागे राहिली. 1944 मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईच्या खगोल मंडळासोबत वांगणीच्या माळावर रात्र जागवलेले अनेक वाचक या अंकालाही लाभले असतील.

आज अनेक शाळांत एखादी दुर्बीण असते. मात्र पुष्कळदा ती कपाटात बंद असते. ‘शनीची कडी दिसतच नाहीत, यंत्र खराब आहे’ असा शेरा एकदा मारला गेला, की तिला पुन्हा कोणी हात लावत नाही. रांगेत उभ्या असलेल्या मुलाला वाटते, आपल्याच डोळ्यांत काही उणे आहे. वस्तुतः आरसे उत्तम असतात. दोष असतो तो जुळणीत, आणि जुळणीच्या दोषाचे मूळ अनेकदा नेत्रिका बसवण्याच्या नळीत, म्हणजे फोकसरमध्ये सापडते.

दोष कसा उद्भवतो?

न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा, वरच्या बाजूला तिरपा सपाट आरसा आणि कडेला फोकसर असतो. फोकसरमध्ये नेत्रिका, म्हणजेच आयपीस, बसते. तिच्या नळीचा व्यास बहुधा 31.75 मि.मी. (सव्वा इंच) असतो. ती सहज आत जावी म्हणून फोकसरचे भोक किंचित मोठे ठेवलेले असते. ही फट 0.2 मि.मी. धरू. एकच स्क्रू आवळला की नळी समोरच्या भिंतीला टेकते आणि तिचा मध्य 0.1 मि.मी. सरकतो. नुसत्या निरीक्षणात एवढा फरक जाणवत नाही. खरा उपद्रव होतो तो नळी कलल्यामुळे. पुष्कळ नेत्रिकांच्या नळीवर खाच असते. स्क्रूचे टोक खाचेच्या उतारावर दाबले गेले, की नळी एका बाजूला झुकते.

आता हिशेब पाहू. नळीचा 25 मि.मी. भाग फोकसरमध्ये आहे आणि त्याच्या दोन टोकांत 0.1 मि.मी. फरक पडला, तर कल 250 स 1 इतका होतो. आरसे जुळवण्याचा लेसर असा कलला, तर 1000 मि.मी. अंतरावरील मुख्य आरशावर त्याचा ठिपका 4 मि.मी. सरकतो. लेसर काढून पुन्हा बसवताना तो असा कलला आणि त्याच स्थितीत परतलेल्या किरणावरून मुख्य आरसा फिरवला, तर आरशाचा अक्ष नेत्रिकेपाशी सुमारे 2 मि.मी. बाजूला जातो. 200 मि.मी. व्यासाच्या आणि 1000 मि.मी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीत निर्दोष प्रतिमेचे वर्तुळ जेमतेम पावणेतीन मि.मी. व्यासाचे, म्हणजे त्रिज्येने सुमारे 1.4 मि.मी. असते. अर्थात दृष्टिक्षेत्राचा मध्यच त्या वर्तुळाबाहेर पडतो आणि ग्रहाच्या कडेला धूमकेतूसारखी शेपटी फुटते.

उपाय

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. फोकसरचे तोंड वर येईल अशी दुर्बीण फिरवावी. नेत्रिकेची कड तोंडावर चहूबाजूंनी टेकू द्यावी, बोटांनी हलका दाब कायम ठेवावा आणि मगच स्क्रू आवळावा. दोन स्क्रू असतील तर ते आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. क्रम दर वेळी तोच ठेवावा.

दुसरा उपाय चिकट पट्टीचा. लेसरच्या नळीवर खाचेच्या वर आणि खाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीचे सारखे वेढे द्यावेत. नळी अडकू नये, पण डगडगूही नये, इतपतच जाडी हवी. साध्या सेलोटेपचा डिंक आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुटतो. खाडीकाठच्या दमट हवेत लोखंडी स्क्रू गंजतात, त्यांकडेही लक्ष असावे. शक्य असल्यास आत पितळी कडे असलेला धारक घ्यावा. त्याचा दाब एका बिंदूवर न पडता विभागला जातो.

पडताळा

प्रथम लेसरच तपासावा. इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच असलेल्या लाकडी ठोकळ्यावर तो ठेवून गोल फिरवावा. दूरच्या भिंतीवरील ठिपक्याने वर्तुळ काढले, तर लेसर स्वतःच वाकडा आहे. तो सरळ ठरल्यावर फोकसरमध्ये तीन-चार वेळा काढून बसवावा. दर वेळी ठिपका मुख्य आरशाच्या खुणेवर त्याच जागी पडला, तर बैठक विश्वासार्ह समजावी. लेसरच्या झोतात कोणीही डोळा घालू नये आणि दिवसा दुर्बीण सूर्याकडे वळवू नये, हे मुलांना आधी बजावावे.

अखेरचा निर्णय ताऱ्याचा. ध्रुवतारा जवळजवळ स्थिर असल्याने सोयीचा वाटतो; परंतु नवी मुंबईतून तो क्षितिजापासून सुमारे 19 अंशांवरच असतो आणि तेथील हवा धुरकट असते. त्यापेक्षा माथ्याजवळचा ठळक तारा निवडून तो दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणावा आणि प्रतिमा किंचित अस्पष्ट करावी. वलये एककेंद्री दिसली, तर जुळणी साधली. वलये एका बाजूला सरकलेली दिसली, तर दुर्बीण थंड झाल्याची खात्री करून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.

शहराच्या उजेडात अंधुक तेजोमेघ दिसणार नाहीत, हे खरे. चंद्राची विवरे, गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी मात्र गच्चीवरूनही दिसतात. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी दुर्बीण धूळ खात पडली असेल, त्यांनी तिला निरुपयोगी ठरवण्यापूर्वी हा पडताळा एकदा घ्यावा. जुळणी साधली, तर मुलांना शनीची कडी पुस्तकातल्या चित्रावरून मानावी लागणार नाहीत. ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतील.