फौजीचा हक्क आणि घरची पेटी

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झाले. त्या युद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशी फौजींची गावे आपल्या मुलखात पुष्कळ आहेत. तुमच्या गावातही दोन-चार माजी सैनिक असतीलच.

जवान पलटणीत असतो, तोवर त्याची काळजी पलटण घेते. ताप आला तर लष्कराचा डॉक्टर असतो. पण एक दिवस पलटण सुटते. जवान घरी येतो. वय वाढते. गुडघे धरतात, डोळ्यांना दिसेनासे होते. मग त्याची काळजी कोणी घ्यायची?

ती सरकारने घ्यायची. ही मेहेरबानी नव्हे. त्याने उमेद देशाला दिली, त्याचा हा हक्क आहे. पण हक्क आपल्या पायांनी घरी चालत येत नाही. तो कागदावर असतो. म्हणून तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.

आजारपणासाठी

१ एप्रिल २००३ रोजी ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना’ सुरू झाली. नाव लांबलचक आहे. लोक तिला ई.सी.एच.एस. म्हणतात. अंशदायी म्हणजे आपणही थोडा वाटा द्यायचा. हा वाटा एकदाच भरायचा असतो. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना तो माफ आहे. युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींनाही माफ आहे.

ही योजना पेन्शन असलेल्या माजी सैनिकासाठी आहे. त्याची पत्नी, त्याच्यावर अवलंबून असलेली मुले व आईबाप हेही नियमाप्रमाणे तिच्यात येतात. प्रत्येकाचे कार्ड निघते. कार्ड घेऊन योजनेच्या दवाखान्यात जायचे. त्याला पॉलिक्लिनिक म्हणतात. दुखणे मोठे असेल, तर तिथला डॉक्टर चिठ्ठी देतो. मग योजनेतल्या मोठ्या इस्पितळात उपचार होतात. तिथे पैसे भरावे लागत नाहीत.

पण रात्री छातीत कळ आली तर? चिठ्ठीसाठी थांबू नका. जवळचे इस्पितळ गाठा. ते योजनेतले नसले तरी आधी जीव वाचवा. मात्र ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. अशा ठिकाणी बिल आधी आपण भरायचे. नंतर सरकारी दराने पैसे परत मागता येतात. म्हणून बिलाचा एकही कागद टाकू नका.

पेन्शनसाठी

जवानाची नोकरी १५ वर्षे झाली की त्याला पेन्शन मिळते. तो वारल्यावर पत्नीला कुटुंब-पेन्शन मिळते. इथेच पुष्कळ घरे अडतात. कशामुळे? नावामुळे.

समजा, फौजीने भरती झाल्यावर बायकोचे नाव लिहिले ‘अनसूया’. आधार कार्डावर झाले ‘अनुसया’. बँकेत कोणी लिहिले ‘अनुसयाबाई’. बाई एकच, कागद तिघींचे! फौजी गेला, आणि मग ती बाई या दारातून त्या दारात फिरत बसते. पदरी दुःख, आणि हाती अर्ज.

हे टाळता येते. फौजी हयात आहे तोवर पेटी उघडा. त्यात डिस्चार्ज बुक असेल. पेन्शन मंजुरीचा हुकूम असेल, त्याला पी.पी.ओ. म्हणतात. आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक शेजारी ठेवा. नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर लावून पाहा. फरक दिसला तर सैनिक बोर्डात जा. बोर्डाचे सरकारी नाव ‘जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय’. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा, ते तिथे सांगतात. तिथल्या मदतीला पैसे पडत नाहीत. दलालाला देऊ नका.

आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. नाहीतर पेन्शन थांबते.

पेन्शन नसलेल्यांसाठी

काही जवान लवकर घरी आले. त्यांना पेन्शन नाही. असा हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा माजी सैनिक ६५ वर्षांचा झाला आणि हलाखीत असला, तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडे मदत मागता येते. अशा विधवेलाही मागता येते. ही मदत महिना ४,००० रुपये होती. नोव्हेंबर २०२५ पासून ती ८,००० रुपये केली. अर्ज जिल्ह्याच्या सैनिक बोर्डातूनच जातो.

एकीने मागावे

सगळे ठाकठीक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. दवाखाना जिल्ह्याच्या गावी असतो. डोंगरातल्या म्हाताऱ्याला तिथे जायचे तर दिवस मोडतो. कधी औषध शिल्लक नसते. हे सुधारले पाहिजे. ठरलेल्या दिवशी डॉक्टर तालुक्याला आला, तर किती सोय होईल!

पण एकट्याचे गाऱ्हाणे हवेत विरते. पूर्वी हुद्दा सारखा, नोकरी सारखी, तरी आधी निवृत्त झालेल्याला पेन्शन कमी असे. माजी सैनिकांनी वर्षानुवर्षे दाद मागितली. २०१५ साली ते दिल्लीत जंतरमंतरला धरणे धरून बसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ असा हुकूम काढला. सगळ्या मागण्या पुऱ्या झाल्या नाहीत, पण पुष्कळांची पेन्शन वाढली.

तसेच गावानेही करावे. गावातल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची यादी करा. कोणाचे कार्ड नाही, कोणाचे नाव चुकले, ते लिहा. ग्रामसभेत वाचा. सर्वांच्या सहीने अर्ज पाठवा. पोच घ्या.

पूर्वी असा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. आता तुम्ही लिहू शकता. शेजारच्या आजींची पेटी आधी उघडा.

सांगा पाहू
१. अंशदायी म्हणजे काय?
२. योजनेबाहेरच्या इस्पितळात गेल्यास किती तासांत कळवावे?
३. कोणत्या कागदांवरची नावे लावून पाहावीत?

करा
तुमच्या गावातल्या माजी सैनिकांची यादी वहीत लिहा.