शिकण्याचं वय गेलं का?

प्रश्न : माझा पुतण्या २२ वर्षांचा असून त्याला स्वमग्नता आहे. आता त्याचं शिकायचं वय गेलं, असं सगळे म्हणतात. खरंच का?
– एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : स्वमग्न व्यक्तीचं शिकणं अठराव्या वर्षी थांबत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली अठरा वर्षांची मर्यादा मोफत शालेय शिक्षणापुरती आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावी-बारावीसाठी कमाल वयाची अट नाही.

प्रौढाला बालवाडीची पुस्तकं देऊ नयेत. वयाला शोभेल असं खरं काम द्यावं. उदाहरणार्थ, किराणा आणणं. यादी चित्रांची, नोटा मोजून पाकिटात, दुकान ठरलेलं, वेळ कमी गर्दीची. आठवडी बाजाराचा गोंगाट सुरुवातीला टाळलेला बरा. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि थांबावं. घाईने दुसरी दिली, की पहिलीही निसटते. काम जमू लागलं, की मदत हळूहळू कमी करावी. वजन करणं, पिशव्यांना लेबल लावणं अशी तुमच्या भागातल्या तांदूळ व्यवसायातली कामंही पुढे शिकवता येतील.

नजरेला नजर देण्याची सक्ती नको. स्वमग्नता ‘पूर्ण बरी’ करण्याचा दावा करणाऱ्या औषधांवर पैसा घालवू नये. वागणं अचानक बदललं तर त्याला हट्ट समजू नये; दातदुखी, पोटदुखीसारखं दुखणं आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.