प्लास्टिकला मऊ करणारीं तेलें

जुना रेनकोट घडीवर तडकलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. व्हायनिल प्लास्टिक मूळचें ताठरच असतें. त्यांत मिसळलेल्या तेलकट द्रव्याचे रेणु त्याच्या लांब साखळ्यांमध्यें शिरतात, त्या एकमेकींवरून सरकूं लागतात, व वस्तु लवचिक होते. परंतु तें द्रव्य साखळ्यांशीं जोडलेलें नसतें; तें हळूहळू बाहेर पडतें.

बाहेर पडून जातें कोठें? खेळणें चघळणाऱ्या बालकाच्या तोंडांतही! थॅलेट वर्गांतील कांहीं द्रव्यांनीं उंदरांच्या नर पिलांची वाढ बिघडते, असें प्रयोगांत आढळलें. युरोपीय संघानें तीन वर्षांखालील मुलांच्या चघळण्याच्या खेळण्यांतून तीं १९९९ सालीं तात्पुरतीं, व त्यांपैकीं तीन सर्वच खेळण्यांतून २००५ सालीं कायमचीं बंद केलीं.

आतां त्यांच्या जागीं वनस्पतिजन्य द्रव्यें येत आहेत. ही कल्पना नवी नव्हे. १८७० च्या सुमारास अमेरिकेंत हायट बंधूंनीं सेल्युलॉइड केलें, तें झाडाच्या कापरानेंच. आपलें एरंडेल व्हायनिलमध्यें तसेंच नीट मिसळत नाहीं. त्यावर रासायनिक संस्कार करावे लागतात. लिंबांतील सायट्रिक आम्ल कारखान्यांत साखरेवर बुरशी वाढवून काढतात, व त्याचीं सायट्रेटें खेळण्यांत घालतात. मात्र त्यांतील अल्कोहोलाचा भाग पुष्कळदां खनिज तेलापासूनच येतो, हें जाहिरातदार सांगत नाहींत! सोयाबीन तेलाचें द्रव्य बरण्यांच्या झांकणांतील मऊ कड्यांत असतें. तेंही तेलकट लोणच्यासारख्या पदार्थांत थोडेंफार उतरतेंच.