इंजेक्शन दाढेला, बधिर मात्र ओठ

प्रश्न : आम्ही किचनरला राहतो. जानेवारीत मी खालची उजवी दाढ भरून घ्यायला गेले होते. डेंटिस्टनं तोंडात अगदी मागे, जबड्याच्या कोपऱ्यात इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात उजवीकडचा अर्धा ओठ, अर्धी हनुवटी आणि अर्धी जीभ बधिर झाली. ओठाला तर सुई लागलीही नव्हती! पूर्वी वरची दाढ भरली तेव्हा दाढेच्या वरच टोचलं होतं आणि एवढं काही झालं नव्हतं. घरी आले तर भारतातून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अशा गार वाऱ्यात आलीस, आता तोंड वाकडं होईल. आधी कान बांध." मी घाबरून आरशात पाहिलं. हसताना तोंड अगदी सरळ होतं. मग ओठ सुजून लोंबतोय असं का वाटत होतं? आणि वाऱ्यानं तोंड खरंच वाकडं होतं का?

उत्तर : तुम्ही आरशात पाहिलंत हे फार चांगलं केलंत, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. ओठाला स्पर्श कळत नव्हता, पण ओठ हलत होता. म्हणजे चेहऱ्याचा स्पर्श मेंदूला कळवणारा मज्जातंतू वेगळा आणि चेहऱ्याचे हावभाव घडवणारा वेगळा. कवटीतून बाहेर पडायच्या त्यांच्या वाटाही निराळ्या. डेंटिस्टनं त्यातला पहिला बधिर केला. दुसऱ्याला धक्का लागला नाही.

आधी स्पर्शाचा मज्जातंतू घेऊ. त्याला ट्रायजेमिनल म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक असतो, म्हणूनच बधिरपणा हनुवटीच्या मधोमध येऊन थांबतो. कवटीच्या आतच त्याच्या तीन शाखा होतात आणि प्रत्येकीला बाहेर पडायला आपापली वाट आहे. पहिली डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या फटीतून पुढे येते. कपाळ, वरची पापणी आणि नाकाचा शेंडा तिच्याकडे. दुसरी एका गोल छिद्रातून निघते आणि गाल, वरचा ओठ, वरचे दात सांभाळते. तिसरी अंडाकृती छिद्रातून सरळ खाली उतरते. तुमची दाढ या तिसरीच्या हद्दीत येते.

ही तिसरी शाखा जिथे उतरते ती जागा बाहेरून दिसत नाही. दात घट्ट आवळले की जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर एक स्नायू फुगलेला हाताला लागतो. त्या स्नायूखाली जबड्याचं उभं हाड आहे आणि हाडाच्या आतल्या अंगाला एक खोल कप्पा आहे. चावण्याचे स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांची तिथे दाटी असते. इथेच आपल्या शाखेला फाटे फुटतात : एक जिभेकडे जातो, एक गालाच्या आतल्या अस्तराकडे, एक कानापुढून कानशिलाकडे आणि एक खालच्या दातांकडे.

दातांकडे जाणाऱ्या फाट्याची वाट मोठी मजेशीर आहे. जबड्याच्या उभ्या हाडाला आतल्या बाजूनं एक छिद्र असतं. त्यातून हा फाटा हाडात शिरतो आणि दाढांच्या मुळांखालून हाडातल्याच बोगद्यातून पुढे सरकतो. वाटेत प्रत्येक दाढेला एकेक बारीक तंतू देतो. सुळ्यामागच्या लहान दाढांपाशी जबड्याला बाहेरच्या बाजूनं दुसरं छिद्र आहे. तिथे याचे दोन भाग होतात. एक हाडातूनच पुढच्या दातांकडे जातो, तर दुसरा छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठात आणि हनुवटीत पसरतो. म्हणजे ओठाला स्पर्श झाल्याची खबर ओठापासून थेट मेंदूकडे जात नाही. ती आधी जबड्याच्या हाडात शिरते, दाढांच्या खालून मागे जाते आणि मग वर चढते.

डेंटिस्टनं औषध सोडलं ते आतल्या छिद्राच्या तोंडाशी. एका खोलीतला दिवा दुरुस्त करायला घराचा मेन स्विच बंद करावा, तसा हा प्रकार. दाढ तर बधिर झालीच, पण त्याच वाटेनं येणारी ओठाची आणि हनुवटीची खबरही अडली. जिभेचा फाटा या छिद्राच्या किंचित पुढे, अगदी शेजारून जातो. औषध त्याच्याही अंगावर गेलं आणि अर्धी जीभ बधिर झाली. काहींना तेवढा वेळ त्या बाजूला चवही नीट लागत नाही. जिभेच्या पुढच्या भागातल्या चवीचे तंतू याच फाट्याच्या सोबतीनं निघतात, मग वेगळे होऊन मधल्या कानात, पडद्याच्या आतल्या बाजूनं जातात. जिभेची चव कानातून मेंदूकडे जाते, हे ऐकून बहुतेकांना खरं वाटत नाही.

मग वरच्या दाढेला एवढा खटाटोप का लागला नाही? वरच्या जबड्याचं बाहेरचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. दाढेच्या मुळाशी हिरडीत औषध सोडलं की ते हाडातून झिरपून मुळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाच्या खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट असतं, त्यातून औषध पुरेसं झिरपत नाही. म्हणून हाडात शिरण्याआधीच मज्जातंतू गाठावा लागतो. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी 1884 च्या सुमारास कोकेन वापरून हे पहिल्यांदा करून दाखवलं. कोकेनचे धोके लौकरच कळले. खुद्द हॉल्स्टेड यांना त्याचं व्यसन लागलं. आज जे लिडोकेन सर्रास वापरतात ते 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं.

सुई आत गेल्यावर डेंटिस्टनं औषध सोडण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढला असेल. तुम्हाला ते दिसलं नसणार. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली असेल तर सिरिंजमध्ये रक्त येतं आणि सुई सरकवावी लागते. दातांच्या मज्जातंतूला बिलगूनच एक रोहिणी त्या छिद्रात शिरते, म्हणून ही खबरदारी. ही रोहिणी ज्या मोठ्या रोहिणीची फांदी आहे, तिचीच आणखी एक फांदी त्याच कप्प्यातून वर चढते आणि कवटीच्या तळाच्या एका बारीक छिद्रातून आत जाऊन मेंदूवरच्या आवरणाला रक्त पुरवते. कानशिलामागच्या पातळ हाडाच्या आतून ती जाते. तिथे जोराचा मार बसून हाड तडकलं तर ही फांदी फाटू शकते आणि आत रक्त साठून मेंदूवर दाब येतो. मुलांना बर्फावर स्केटिंगला पाठवताना हेल्मेट हवंच, त्याचं हे एक कारण.

खालची दाढ किडलेली असताना कान दुखतो, तेही याच शाखेमुळे. दाढेचा आणि कानापुढचा फाटा एकाच खोडाचे आहेत. दुखणं नेमकं कुठून आलं हे मेंदूला कधीकधी उमगत नाही आणि आपण मात्र कानात कोमट तेल घालत बसतो.

आता ओठ लोंबल्यासारखा का वाटला ते पाहू. अवयव केवढा आहे, कुठे आहे, हे मेंदू सतत येणाऱ्या खबरींवरून ठरवतो. खबर थांबली की अंदाज चुकतो आणि ओठ आहे त्यापेक्षा जाड वाटतो. जाणीव ही त्या जागेची नसून मज्जातंतूची असते. याचा सर्वांत चांगला दाखला आपल्या पुण्याच्या इतिहासात आहे.

1792 च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचं नाक आणि एक हात टिपूच्या कैदेत कापला गेला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला नवीन नाक बसवलं. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकारात बसवून पाहायचा, तो कपाळावर पसरून भोवती रेघ आखायची, तेवढी कातडी सोलायची, पण दोन भुवयांच्या मधली पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग कातडी पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. सांधा घट्ट राहावा म्हणून कापडाच्या पट्ट्यांवर पाण्यात मऊ केलेला कात लावायचे. होय, आपल्या विड्यातला कात! सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापत. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये तिचं वर्णन छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली.

भुवयांमधली पट्टी का राखायची? डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक रोहिणी कपाळावर चढते. तिचं मूळ कवटीच्या आत आहे. दृष्टीचा मज्जातंतू ज्या बोगद्यातून जातो, त्याच बोगद्यातून तिची मोठी रोहिणी डोळ्याच्या खोबणीत येते. नाकाच्या जागी रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या तयार होईपर्यंत त्या कातडीला जगवणारी हीच. तिच्याजवळूनच ट्रायजेमिनलच्या पहिल्या शाखेचा फाटाही जातो. म्हणून आजही अशा शस्त्रक्रियेनंतर पट्टी जोडलेली असेपर्यंत नव्या नाकाला बोट लावलं, तर रुग्णाला कपाळाला हात लागल्यासारखं वाटू शकतं. पुण्याच्या त्या कारागिराला या रोहिणीचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण कुठे कापायचं नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. माझ्या लेखी ही शरीररचनेची फार वरच्या दर्जाची जाण आहे.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. चेहरा हलवणारा मज्जातंतू म्हणजे फेशियल नर्व्ह. तो कानामागच्या हाडातून सुमारे 3 सेंटिमीटर नागमोडी वाटेनं येतो आणि कानाच्या पाळीमागे, खालच्या अंगाला कवटीबाहेर पडतो. तिथून कानापुढच्या लाळग्रंथीत शिरून त्याचे फाटे कपाळ, पापण्या, गाल, ओठ आणि मानेकडे पसरतात. हाडातली त्याची वाट काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही अरुंद आहे. मज्जातंतू सुजला तर पसरायला जागा नाही, तो दबतो आणि त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो. याला बेल्स पाल्सी म्हणतात. ही सूज बऱ्याचदा हर्पीसच्या विषाणूमुळे येत असावी असं मानलं जातं. गार वाऱ्यानं ती येते हे सिद्ध झालेलं नाही. दाढेच्या इंजेक्शनचं औषध क्वचित फार मागे, लाळग्रंथीत गेलं तर तात्पुरतं तोंड वाकडं होतं आणि डोळा मिटत नाही. औषध उतरलं की काही तासांत ते पूर्ववत होतं. तुमच्या बाबतीत तेही झालेलं नाही.

कॅनडात या आजाराची ओळख करून द्यायची गरज नाही. 1993 ते 2003 पंतप्रधान असलेल्या ज्याँ क्रेतियाँ यांचा चेहरा वाढत्या वयात झालेल्या बेल्स पाल्सीमुळे एका बाजूला लुळा राहिला. 1993 च्या निवडणुकीत सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं त्यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली छायाचित्रं जाहिरातीत दाखवली. लोकांना ते इतकं झोंबलं की जाहिरात लगेच मागे घ्यावी लागली. त्या निवडणुकीत पक्षाच्या हाती जेमतेम 2 जागा लागल्या. कारणं इतरही होती, पण मतदारांनी ती जाहिरात मनाला लावून घेतली हे नक्की. क्रेतियाँ यांच्यासारखा दोष सगळ्यांना राहत नाही. सुमारे 70 टक्के रुग्ण औषधाविनाही पूर्ण बरे होतात आणि पहिल्या 72 तासांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर हे प्रमाण आणखी वाढतं.

सासूबाईंना सांगा, कान जरूर बांधू, किचनरच्या जानेवारीत कानाला हिमदंश होऊ शकतो. पण कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं तर "वारा लागला" म्हणून शेक देत बसू नका. पक्षाघातातही तोंड वाकडं होतं. त्यात बहुधा कपाळाला आठ्या घालता येतात, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. बेल्स पाल्सीत मात्र आठ्याही पडत नाहीत. तरीही ही पारख डॉक्टरांनी करायची आहे, घरच्यांनी नाही. तोंड वाकडं दिसलं, बोलणं जड झालं किंवा एक हात खाली पडू लागला, की घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि लगेच 911 ला फोन करा. आणि पुढच्या वेळी दाढ भरून आलात की ओठ पूर्ण जागा होईपर्यंत गरम चहा पिऊ नका. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला, तर त्याच डेंटिस्टना कळवा.