घटक ५ : सार्वजनिक शाळांतील क्षेत्रीय अभ्यास – बाहेरील संशोधकासाठी मार्गदर्शक तत्त्वे

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• शाळेत जाऊन केल्या जाणाऱ्या भाषाभ्यासासाठी नैतिक बंधने का आवश्यक आहेत, हे सांगता येईल.
• परवानगी, संमती आणि होकार यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मुलांची व शाळेची ओळख सुरक्षित ठेवण्याच्या पद्धती वापरता येतील.
• पालकांना द्यावयाचे माहितीपत्र सोप्या मराठीत तयार करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण क्षेत्रीय अभ्यासाची साधने पाहिली : मुलाखत, निरीक्षण, प्रश्नावली आणि ध्वनिमुद्रण. ही साधने घेऊन मराठीचा अभ्यासक अनेकदा शाळेच्या दारात येतो. घरी अहिराणी बोलणारी मुले निबंध कोणत्या भाषेत लिहितात, मेळघाटातील कोरकूभाषक मुले मराठीचे प्रत्यय कसे आत्मसात करतात, खेळगीते अजून टिकून आहेत काय, असे प्रश्न अभ्यासायचे तर मुले एकत्र भेटण्याची जागा म्हणजे शाळा.

परंतु शाळा ही अभ्यासकाच्या सोयीसाठी उभी राहिलेली नाही. तेथील मुले शिकण्यासाठी येतात, शिक्षक शिकवण्यासाठी येतात. बाहेरून येणारा संशोधक तेथे पाहुणा असतो. पाहुण्याने कसे यावे, काय विचारावे, काय विचारू नये आणि जाताना काय मागे ठेवावे, याचा विचार प्रस्तुत घटकात केला आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ बंधने का हवीत? : एक उदाहरण

भाषेच्या अभ्यासात कोणाला इजा होणार, असे आपल्याला वाटू शकते. येथे ना सुई टोचायची आहे, ना औषध द्यायचे आहे. या समजाला छेद देणारी एक घटना पाहू.

१९३९ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वाचादोषांचे अभ्यासक वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या पदव्युत्तर विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्ट येथील अनाथालयातील २२ मुलांवर एक प्रयोग केला. मोठी माणसे मुलाच्या बोलण्यात सतत दोष काढतात म्हणून तोतरेपणा वाढीस लागतो काय, हा मूळ प्रश्न होता. त्यासाठी नीट बोलणाऱ्या सहा मुलांना, त्यांच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणे दिसत आहेत, असे पुनःपुन्हा सांगण्यात आले. प्रयोगाचा खरा हेतू मुलांना ठाऊक नव्हता. यांतील काही मुले बोलायला बिचकू लागली, संकोचू लागली. २००१ मध्ये वृत्तपत्रातून हे प्रकरण सर्वांसमोर आल्यावर विद्यापीठाने जाहीर क्षमा मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने प्रयोगातील व्यक्ती व त्यांच्या वारसांना ९ लाख २५ हजार डॉलर देऊन दावा मिटवला.

या घटनेत वापरलेले साधन एकच होते, ते म्हणजे मुलाच्या भाषेविषयी मोठ्या माणसाने उच्चारलेले वाक्य. आपल्याकडील संशोधक असा प्रयोग करणार नाही. पण 'न' आणि 'ण' यांचा उच्चार तपासताना तो मुलाला चारचौघांत दुरुस्त करू शकतो, बोलीतील शब्द ऐकून हसू शकतो किंवा वहीवर 'अशुद्ध' असा शेरा मारू शकतो. मुलाच्या दृष्टीने तो शेरा त्याच्या घराच्या, आईच्या बोलण्यावर असतो. म्हणून पहिले तत्त्व असे : संशोधकाने मुलाच्या भाषेची नोंद घ्यावी, तिचे मूल्यमापन मुलासमोर करू नये.

५.२.२ हा अभ्यास शाळेतच व्हायला हवा काय?

परवानगीचा अर्ज लिहिण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. २००५ पासून सुरू झालेल्या 'असर' या ग्रामीण सर्वेक्षणात मुलांचे वाचन व गणित प्रामुख्याने त्यांच्या घरी जाऊन तपासले जाते. कारण शाळेत केवळ त्या दिवशी उपस्थित असलेली मुलेच भेटतात. लोकगीते, म्हणी, घरगुती शब्दसंग्रह यांचा अभ्यास वाडीवस्तीवर, पालकांच्या उपस्थितीत अधिक नैसर्गिक होतो. शालेय लेखन, वर्गातील संवाद, पाठ्यपुस्तकाची भाषा हे विषय मात्र शाळेशिवाय अभ्यासता येत नाहीत. शाळेत जाण्याचे कारण दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर अभ्यासाची जागा बदलावी.

५.२.३ परवानगीची साखळी

सार्वजनिक शाळा अनेक यंत्रणांच्या अखत्यारीत असतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व गटशिक्षणाधिकारी, महानगरपालिकेच्या शाळेसाठी तिचा शिक्षण विभाग, तर शासकीय आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी यांच्याकडे सर्वसाधारणपणे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत अभ्यासकेंद्राचे शिफारसपत्र, संशोधनाचा एक पानी आराखडा, प्रश्नावलीची प्रत आणि भेटींचे दिवस जोडावेत.

वरिष्ठांचे पत्र मिळाले म्हणजे काम झाले, असे समजू नये. त्या पत्राने फाटक उघडते. वर्गात येऊ द्यायचे की नाही, हे मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांनी मोकळेपणाने ठरवायला हवे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नुसार शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीच्या बैठकीत आपला विषय मांडल्यास गावाच्या शंका तेथेच कळतात.

५.२.४ पालकांची संमती आणि मुलाचा होकार

परवानगी अधिकारी देतात, संमती पालक देतात आणि होकार मूल देते. यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

'नकार कळवला नाही म्हणजे संमती आहे' ही पद्धत कामाला सोपी, पण ज्या घरी चिठ्ठी वाचणारे कोणी नाही तेथे ती फसवी ठरते. अशा वेळी माहितीपत्र वाचून दाखवावे, पालकांच्या बोलीत समजावून सांगावे आणि गावातील एखाद्या साक्षीदारासमोर अंगठा वा सही घ्यावी. मराठवाड्यातील अनेक पालक ऊसतोडीसाठी हंगामभर गाव सोडून जातात. तेव्हा घरी असलेल्या आजी-आजोबांशी बोलावेच, शिवाय आई-वडिलांना दूरध्वनीवरून विचारावे. तेही शक्य नसेल, तर ते मूल अभ्यासातून वगळावे.

मुलाचा होकार ओळखणे त्याहून अवघड आहे. गुरुजींनी किंवा बाईंनी आणलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणण्याची सवय मुलांना नसते. मान हलवणे म्हणजे होकार असतोच असे नाही. खाली पाहत राहणे, एकाच शब्दात उत्तरे देणे, दाराकडे पाहणे या नकाराच्याच खुणा असू शकतात. त्या दिसताच प्रश्न थांबवावेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी व १२ ते १८ वर्षांच्या मुलांचा लेखी होकार घेण्यास सांगितले आहे. ती तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी असली, तरी भाषाभ्यासकाने हा दंडक स्वीकारण्यास हरकत नाही.

माहितीपत्राचा नमुना पुढीलप्रमाणे असावा :

'नमस्कार. मी मुक्त विद्यापीठात मराठी विषय शिकत आहे. मुले घरी कोणते शब्द वापरतात आणि शाळेत कोणते, याचा मी अभ्यास करीत आहे. तुमच्या मुलाशी किंवा मुलीशी मी शाळेतच, बाईंच्या नजरेसमोर, वीस मिनिटे बोलेन व ते बोलणे ध्वनिमुद्रित करीन. ही परीक्षा नाही. याचा गुणांशी, शिष्यवृत्तीशी किंवा कोणत्याही योजनेशी संबंध नाही. मुलाचे नाव कोठेही छापले जाणार नाही. तुम्ही नको म्हटलेत तर कोणाचेही नुकसान होणार नाही, आणि आज होकार देऊन उद्या नको म्हटलेत तरी चालेल.'

या नमुन्यातील 'कोणत्याही योजनेशी संबंध नाही' हे वाक्य गाळू नये. कागद-पेन घेऊन आलेला माणूस सरकारी सर्वेक्षणाला आला असावा, अशी समजूत गावात सहज होते. आणि लाभ बंद होईल या भीतीने दिलेली संमती ही संमती नव्हे.

५.२.५ शाळेचा वेळ

शिक्षण हक्क अधिनियमात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरवले आहे. याच अधिनियमाने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना शैक्षणिकेतर कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. संशोधकाने या तरतुदींमागील भावना ओळखावी. परीक्षा, प्रवेश आणि स्नेहसंमेलनाचे दिवस टाळावेत. पोषण आहाराची सुट्टी मुलांची असते, तीही घेऊ नये. आपली प्रश्नावली भरून घेण्याचे काम शिक्षकांवर सोपवू नये. मुलाशी एकांतात, बंद खोलीत बोलू नये; व्हरांडा किंवा उघड्या दाराचा वर्ग योग्य. ज्या मुलांना सहभागी व्हायचे नाही, ती त्या वेळेत काय करतील हे वर्गशिक्षकांशी आधीच ठरवावे.

५.२.६ ओळख आणि गोपनीयता

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, असे नाही. समजा, एखाद्या लहान गावाचे नाव देऊन अहवालात 'चौथीतील पारधी भाषक मुलगी' असा उल्लेख केला. त्या वर्गात अशी एकच मुलगी असेल, तर वाचणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याला ती कोण हे कळते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द झाला तरी समाजमनातून पुसला गेलेला नाही. अशा मुलीच्या तोंडी असलेले वाक्य छापताना त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागेल, हा विचार आधी करावा. गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहिणे, इयत्तांचा गट करणे, शाळेला 'शाळा क' म्हणणे हे साधे उपाय आहेत.

ध्वनिमुद्रणातून आवाज ओळखता येतो. ते समाजमाध्यमांवर टाकू नये. नावांची यादी व सांकेतिक क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, हेही लक्षात ठेवावे.

एकेका मुलाचे निष्कर्ष शिक्षकांना सांगण्याचा मोहही टाळावा. १९६८ मध्ये रॉबर्ट रोझेंथल व लेनोर जेकबसन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन ती वेगाने प्रगती करतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात ती नावे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली होती. लहान इयत्तांत त्यांपैकी काही मुलांची प्रगती अधिक दिसली. या निष्कर्षांवर पुढे वाद झाला, तरी संशोधकाच्या शब्दाने शिक्षकाची अपेक्षा बदलू शकते, ही सूचना घेण्यासारखी आहे.

गोपनीयतेला एक मर्यादा आहे. बोलता बोलता एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार ती माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ या बालक मदतवाहिनीचीही मदत घेता येते. म्हणून 'तू सांगशील ते मी कोणालाच सांगणार नाही' असे वचन मुलाला कधीही देऊ नये.

५.२.७ शाळेला काय परत द्यावे?

अनेक शाळांचा अनुभव असा असतो, की संशोधक येतो, माहिती नेतो आणि पुन्हा दिसत नाही. अभ्यास पूर्ण झाल्यावर त्याचा सारांश दोन पानांत, शिक्षक व पालक यांना समजेल अशा भाषेत शाळेला द्यावा. गोळा केलेल्या बोलीशब्दांची, गाण्यांची वा कोड्यांची हस्तलिखित पुस्तिका करून शाळेच्या वाचनपेटीत ठेवल्यास मुलांना आपल्या घरच्या भाषेला कागदावर स्थान मिळालेले दिसते. खाऊ वा भेटवस्तू द्यायचीच असेल, तर ती सहभागी न झालेल्या मुलांसह साऱ्या वर्गाला द्यावी. अन्यथा ती होकाराची किंमत ठरते.

५.३ सारांश

भाषाभ्यासातही मुलाला इजा होऊ शकते, हे आपण पाहिले. शाळेत जाण्याची गरज तपासणे, अधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमती व मुलाचा होकार स्वतंत्रपणे घेणे, अध्यापनाचा वेळ जपणे, ओळख सुरक्षित ठेवणे आणि निष्कर्ष शाळेपर्यंत पोहोचवणे ही बाहेरील संशोधकाची कर्तव्ये आहेत. माहिती अपुरी राहिली तर अभ्यास पुन्हा करता येतो. मुलाचा आपल्या बोलण्यावरील विश्वास उडाला, तर तो परत मिळवून देणे संशोधकाच्या हाती नसते.

५.४ पारिभाषिक संज्ञा

संमती : पूर्ण माहिती मिळाल्यानंतर पालकांनी दबावाविना दिलेली मान्यता.
होकार : सहभागी होण्याची मुलाची स्वतःची तयारी, ती केव्हाही मागे घेता येते.
सांकेतिक क्रमांक : नावाऐवजी नोंदीत वापरलेली खूण.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'वरिष्ठांचे पत्र म्हणजे वर्गप्रवेशाचा हक्क नव्हे.' हे विधान स्पष्ट करा.
२. परवानगी, संमती आणि होकार यांतील फरक उदाहरणांसह लिहा.
३. नाव बदलूनही मुलाची ओळख कशी उघड होऊ शकते? त्यावर उपाय सुचवा.
४. १९३९ च्या आयोवा येथील प्रयोगातून मराठीच्या बोलीअभ्यासकाने कोणता बोध घ्यावा?

५.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एका शाळेत करता येईल असा बोलीअभ्यासाचा विषय निवडा. शाळेत प्रत्यक्ष न जाता त्याचा एक पानी आराखडा व पालकांसाठी माहितीपत्र तयार करा. ते माहितीपत्र घरातील किंवा शेजारच्या, शालेय शिक्षण कमी झालेल्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्या व्यक्तीने विचारलेले प्रश्न लिहून घ्या, पत्रात त्यानुसार बदल करा आणि दोन्ही मसुदे संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.