शास्त्रशाखेंतील विषयांची निवड

दहावीचा निकाल हातीं पडतांच घरोघरीं पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. शास्त्रशाखा घ्यावयाची, इतकें बहुधा लवकर ठरतें. परंतु त्या शाखेंतील कोणते विषय घ्यावयाचे, याचा विचार प्रवेशाचा अर्ज भरतांना घाईघाईनेंच होतो.

मागें एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन आम्हांकडे आले होते. मुलीस गणिताची भीति. म्हणून तिनें अकरावीस तें सोडून पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांच्या जोडीस जीवशास्त्र घेतलें. पुढें तिला विमान चालविण्याची ओढ लागली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेचीं दारें 2021 सालीं मुलींस उघडलीं खरीं. पण वायुदल व नौदल यांकरितां बारावीस पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित हे तिन्ही विषय असावे लागतात. भूदलास तशी अट नाहीं. मुलीस मात्र आकाशांतच जावयाचें होतें!

अभियांत्रिकीकडे जाणारास गणित आणि वैद्यकीकडे जाणारास जीवशास्त्र हवें, हें बहुतेक पालकांस ठाऊक असतें. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीस दोहोंपैकीं एक चालतें, हें थोड्यांसच ठाऊक असतें. चारही विषय घेतां येतात. पण तो भार प्रत्येकास पेलेलच असें नाहीं, आणि केवळ शेजारच्या मुलानें घेतले म्हणून ते घेऊं नयेत.

गणित सोडलें म्हणजे गणितापासून सुटका झाली, ही समजूत तर अगदींच फसवी आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील दुसरेंच प्रकरण गणिती पद्धतींचें असून त्यांत सदिश राशि व कलनाची ओळख येते. रसायनशास्त्रांत द्रावणाची आम्लता मोजावयाची तर लॉगरिथमवांचून चालत नाहीं. तेव्हां भीति हें विषय सोडण्याचें कारण होऊं शकत नाहीं; दुसऱ्या विषयाची खरी आवड हें होऊं शकतें.

ही आवड ओळखावी कशी? दहावीचे गुण येथें पुरेसे नाहींत, कारण पाठांतरानेंही ते मिळतात. आम्हीं मुलांस एक साधा प्रयोग सांगतों. दोऱ्यास लहानसा दगड बांधून टांगावा. दोरा 25 सेंटिमीटर ठेवून दगड हलकेच झुलवावा आणि दहा हेलकाव्यांस लागणारा वेळ मोजावा. तो सुमारें 10 सेकंद भरेल. मग दोरा 1 मीटर करावा. लांबी चौपट झाली, वेळ मात्र दुप्पटच, सुमारें 20 सेकंद! हें पाहून जो मुलगा नुसता आकडा वहींत टिपतो आणि जो ‘दुप्पटच कां?’ म्हणून रात्रीं जेवतांनाही विचारीत बसतो, त्यांची निवड एकच असण्याचें कारण नाहीं.

त्या मुलीचा धाकटा भाऊ यंदां दहावी झाला. त्यानें दोरा 2 मीटर करून पाहिला आणि 28 सेकंद कां आले, हें विचारावयास तो आम्हांकडे आला होता. अर्ज अजून भरलेला नव्हता.