मामूंची विजेची गाडी

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातील एक तालुका आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. जंगल, जंगलातून जाणारे रस्ते, भाताची शेते आणि मासळीची तळी असा हा मुलूख आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली अनेक बंगाली कुटुंबे या भागात वसली आहेत. त्यामुळे बाजारात मराठी, बंगाली, तेलुगू आणि गोंडी या भाषा एकाच वेळी कानांवर पडतात.

माझे मामू याच गावात राहतात. लोकांचा तांदूळ, भाजीपाला आणि मासळी ते आष्टी, आलापल्लीच्या बाजारांत पोहोचवतात. पूर्वी त्यांच्याकडे डिझेलची लहान मालगाडी होती. अशा गाडीला आपल्याकडे सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात. हा छोटा हत्ती २००५ साली रस्त्यावर आला आणि मे २०२२ मध्ये त्याचा विजेवर चालणारा प्रकारही आला. आता अनेक कंपन्या विजेच्या मालगाड्या बनवतात. मामूंनी त्यांतलीच एक, दुसऱ्या कंपनीची, कर्ज काढून घेतली. उर्दूत हफ्ता म्हणजे सात दिवस, पण मराठीत हप्ता म्हणजे कर्ज फेडण्याची ठरलेली रक्कम. मामूंचा हा मराठी हप्ता दर महिन्याला येतो आणि कधी चुकत नाही!

गाडी घेण्यापूर्वी मामूंनी मला हिशेब करायला बसवले होते. शंभर किलोमीटरला साधारण वीस युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी दोनशे रुपये झाले. तेवढ्याच अंतराला जुनी गाडी पाच लिटर डिझेल पीत असे आणि डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या घरात. मामू म्हणाले, “बेटा, हिशेब तर चांगला आहे. पण गाडी कागदावर चालत नाही.”

ते खरेच होते. पहिल्याच रात्री चार्जरवर लाल दिवा लागला. गाडी वीज घेईना. घरातले दिवे, पंखे मात्र व्यवस्थित चालू होते. गावातल्या वायरमनने पाहिले, तर दोष गाडीत नव्हता, घरात होता. घराला अर्थिंगच नव्हते! चुकून बाहेर आलेली वीज जमिनीत नेऊन सोडणारी तार म्हणजे अर्थिंग. ती नसेल तर असा चार्जर काम करायला नकार देतो, आणि ते आपल्याच भल्याचे असते. वायरमनने अंगणात खड्डा खणला, त्यात पाइप पुरला आणि भोवती कोळसा व मीठ भरले. उन्हाळ्यात माती कोरडी पडते, म्हणून मुमानी त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओततात. शेजारणींना वाटते, तिथे एखादे रोप लावले आहे.

दुसरा धडा मे महिन्यात मिळाला. आमच्या भागातला उन्हाळा प्रसिद्धच आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. एका दुपारी पूर्ण माल भरून येताना काचेमागच्या पडद्यावर कासवाचे चित्र उमटले आणि गाडी कासवासारखीच चालू लागली. मामू घाबरले. खरे तर बॅटरी फार तापली किंवा संपत आली, की गाडी स्वतःच आपला जोर कमी करते. कासव हा त्याचाच इशारा असतो. मामूंनी मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवली, तासभर विश्रांती दिली आणि मग हळूहळू घर गाठले. तेव्हापासून ते उन्हातून आल्यावर लगेच चार्जिंग लावत नाहीत. कंपनी सांगते तेवढे अंतर भरलेल्या गाडीकडून मिळत नाही, हेही त्यांना तेव्हाच कळले.

पण खरे संकट पावसाळ्यात आले. सलग चार दिवस पाऊस कोसळत होता. नाल्यांना पूर आला, रस्ता बंद झाला, वीजही गेली. गाडी अंगणातल्या छपराखाली उभी होती. पाचव्या दिवशी ऊन पडले. मामूंनी चावी फिरवली. काहीच नाही! पडदा काळा, दिवे बंद, हॉर्न मुका.

“बॅटरी गेली,” बघायला आलेला एकजण म्हणाला. “नवीन घ्यायची तर अर्ध्या गाडीची किंमत पडेल.” बातमी गावभर पसरली. संध्याकाळी एक व्यापारी आला आणि त्याने अर्ध्या किमतीत गाडी मागितली. मामू रात्रभर जागे होते. पुढच्या हप्त्याला आठच दिवस उरले होते.

सकाळी मोबाइलला रेंज आली. मामूंनी चंद्रपूरच्या मेकॅनिकला फोन लावला.

“चाचा, गाडी बंद केली तेव्हा चार्जिंग किती होते?”

“ऐंशी टक्के.”

“गाडी पाण्यात उभी होती का?”

“नाही. छपराखाली होती.”

“केबिनमधला दिवा चालू राहिला होता का?”

मामू उत्तर देईनात. तेवढ्यात दाराआडून माझी मामेबहीण पुढे आली. ती सातवीत आहे. खाली मान घालून म्हणाली, “अब्बू, घरात अंधार होता. माझी घटक चाचणी जवळ आली होती. मी गाडीत बसून अभ्यास करत होते. दिवा बंद करायचा राहिला.”

मेकॅनिक फोनवरच हसला. विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी गाडी ओढते. बारा व्होल्टची लहान बॅटरी दिवे आणि हॉर्न चालवते, आणि मोठ्या बॅटरीचा दरवाजाही तीच उघडते. लहान बॅटरी संपली, तर मोठी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी दिसते. “नारिंगी तारांना हात लावू नका,” त्याने बजावले. “त्यांत मोठ्या दाबाची वीज असते.”

शेजारचे बंगाली काका आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आले. मेकॅनिक सांगेल तसे मामूंनी लाल तार धन टोकाला आणि काळी तार ऋण टोकाला जोडली. पडदा उजळला. आकडा दिसला : ७९ टक्के. मुमानींच्या तोंडून “शुक्र अल्लाहचा!” हे शब्द निघाले. काकांनी हॉर्न इतक्या जोरात वाजवला, की छपरावरचे कावळे उडाले.

मामू लेकीकडे वळले. ती अजून खालीच बघत होती.

“चाचणी केव्हा आहे?” त्यांनी विचारले.

“सोमवारी.”

मामूंनी माल भरला आणि आष्टीला गेले. येताना त्यांनी चार्जिंगचा एक कंदील आणला. तो गाडीत ठेवत नाहीत. तो तिच्या पुस्तकांजवळ असतो.

शब्दार्थ
मुलूख – प्रदेश, इलाका. इशारा – सूचना. बजावणे – ताकीद देणे. धन टोक, ऋण टोक – बॅटरीची दोन टोके. एकावर अधिकची आणि दुसऱ्यावर उणेची खूण असते.

स्वाध्याय
१. चार्जरवर लाल दिवा का लागला?
२. मेकॅनिकने प्रत्येक प्रश्न कशासाठी विचारला असेल, ते लिहा.
३. ‘हप्ता’ शब्दासारखे उर्दूत एक आणि मराठीत दुसरा अर्थ असणारे आणखी दोन शब्द शोधा.